यादीत नसलेले आसन

घासते आसन
नदीच्या वाळूनं
लिंबाच्या रसानं
लखलख

उठून मी जाता
आडवं व्हायचं
परक्याला नाही
बसू द्यायचं

हे गाणे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते म्हणणारी बिरागो एकोणीस वर्षांची होती. घाना देशात, कुमासी शहराजवळच्या एका अंगणात, कोवळ्या उन्हात, उकिडवी बसून ती मला घासत होती. लग्नात नवऱ्याने तिला दिलेली मी वस्तू. पण तिने मला वस्तू कधी म्हटले नाही.

मित्रांनो, मी एक जुने लाकडी आसन आहे. एकाच ओंडक्यातून कोरलेले. खाली सपाट पाया, मध्ये जाळीदार खांब, वर चंद्रकोरीसारखी वाकलेली बैठक. मला कुठे खिळा नाही, कुठे जोड नाही. ज्या झाडातून मी निघाले ते तोडण्याआधी कारागिराने त्याच्या मुळाशी ताडी शिंपडली होती आणि हळूच म्हटले होते, "रागावू नकोस बाबा. एका बाईचा भार वाहायचाय तुला. फार जड नाहीये ती."

देह तिचा हलकाच होता. बाकीच्या भाराबद्दल तो काही बोलला नव्हता.

तिने माझ्यावर बसून रताळी सोलली, भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. चार लेकरांना पाजले, त्यांतल्या दोघांना मातीत दिले आणि माझ्यावर बसूनच रडली. रोजची आंघोळ ती माझ्यावर बसून करी. आठ दिवसांतून एकदा वाळू आणि लिंबू घेऊन मला घासत बसे, तेव्हा शेजारणी म्हणत, "बिरागो, तुझं आसन आहे की दुधाचा हंडा?"

आणि उठली की मला भिंतीशी आडवे करून ठेवी. चुकूनही विसरत नसे. माणूस बसता बसता आपला जीव आसनात मुरवत जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आसन रिकामे आणि उभे राहिले, की वाटेवरचे कुणीही येऊन त्यावर टेकते. दिसणारे टेकते, न दिसणारेही टेकते.

अशी बावन्न वर्षे गेली. मग नवरा वारला. आमच्या रीतीप्रमाणे त्याचे घर त्याच्या भाच्याकडे गेले. भाचा वाईट नव्हता, पण त्याची बायको आल्या दिवसापासून खोल्यांची मापे घेत फिरू लागली. तेव्हा बिरागोची धाकटी लेक डुफी आईला न्यायला राजधानीतून, आक्राहून आली. ती शिवणकाम करणारी. आईच्या घरातली तिची दोन शिलाई मशिनेही तिला तिकडे न्यायची होती. तिने सामान हलवणारा ओपारे नावाचा माणूस ठरवला. सगळ्यांत कमी पैशांत करतो म्हणाला, म्हणून ठरवला.

ओपारे गोड माणूस. आल्या आल्या वाकून नमस्कार, तोंडात सारखे "नाना, नाना." आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना, बायकांनासुद्धा, मानाने नाना म्हणतात. त्याच्या ट्रकच्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत लिहिले होते: आई, काळजी करू नकोस. बिरागोला ते वाचून दाखवले तर केवढी हसली! "बघ गं डुफी, ट्रकसुद्धा मला आई म्हणतोय."

ओपारेचा माणूस प्रत्येक वस्तूवर नंबराचा कागद चिकटवत होता आणि वहीत लिहीत होता. कपाट, एक. मशीन, दोन. मशीन, तीन. फ्रिज, चार. करत करत तो माझ्यापाशी आला आणि बिरागोने त्याच्या हातावर चापट मारली.

"हात काढ. त्यावर कागद नाही लावायचा."

"नाना, नंबर लावला नाही तर हरवेल."

"माझा जीव बसतो त्याच्यात. जिवाला नंबर लावतोस? उद्या मला लावशील, परवा तुझ्या आईला."

सगळे हसले. डुफी म्हणाली, "आई, नुसता कागद आहे गं, काढून टाकू नंतर." पण बिरागो ऐकेना. तेव्हा ओपारे पुढे आला, त्याने मला दोन्ही हातांनी उचलले आणि म्हणाला, "राहू द्या ताई. नानाचं आसन सामान नाही, पाहुणा आहे. पाहुण्याची कुठं यादी करतात?"

बिरागोने त्याला आशीर्वाद दिला. मला ट्रकमध्ये स्वतःच्या हाताने आडवे ठेवले, वर आपले जुने लुगडे पांघरले. मित्रांनो, एवढ्या मोठ्या घरातली सगळ्यांत लाडकी वस्तू कोणती, हे त्या माणसाला शोधावे लागले नाही. तिने ती त्याच्या हातात दिली.

ट्रक आक्राला पोहोचला, पण डुफीच्या दारी गेला नाही. तो शहराबाहेर पत्र्याच्या एका गोदामात शिरला आणि मागे कडी पडली. आत पाहिले तर आमच्याआधीची सहा घरे तिथे कोंडलेली. एका कपाटाचा आरसा फुटलेला. एक पाळणा, त्यात टायर ठेवलेले. एका खोक्यावर कुणीतरी प्रेमाने लिहिले होते, "सांभाळून, लग्नातली भांडी." त्याच्यावर उंदरांनी घर केले होते.

तिथूनच ओपारेने डुफीला फोन लावला.

"ताई, वजन जास्त निघालं. दुप्पट होतील."

पलीकडून डुफी किंचाळत असावी, कारण त्याने फोन कानापासून लांब धरला.

"ठरलं होतं, खरंय. पण ते तुमच्या सामानाला कुठं माहीत होतं? आणि हो, गोदामाचं भाडं रोजचं वेगळं. तुम्ही सावकाश या, घाई नाही."

फोन ठेवून त्याने माझ्यावरचे लुगडे ओढले आणि त्यालाच हात पुसले. मग मला पायाने उभे केले आणि माझ्यावरच जेवायला बसला. केंकेच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या गोळ्यावरचे पान सोडले, मासळी काढली. त्याचा माणूस जरा कचरला. "मालक, म्हातारीचा जीव आहे म्हणे त्यात."

"मग बरंच की," ओपारे म्हणाला, "मऊ लागतंय."

तोही आमच्याच लोकांतला. त्याच्या घरीही त्याच्या आईचे आसन भिंतीशी आडवे असणार. म्हणून तर नेमके कुठे दुखते हे त्याला कळत होते.

डुफी तीनदा आली. पहिल्यांदा भांडली. दुसऱ्यांदा पोलीस घेऊन आली, तर पोलिसाने ओपारेशी हातमिळवणी केली, त्याच्याकडे थंड पाणी प्यायला आणि म्हणाला, "आपसात मिटवा." तिसऱ्यांदा ती एकटी आली. डोळे खोल गेलेले. एका लग्नाचे चाळीस झगे शिवायचे तिने घेतले होते, आणि मशिने इथे.

ओपारेने वही उघडली. "पैसे आणलेत? शाब्बास. यादीतलं सगळं घेऊन जा. एक ते तेवीस."

सामान निघू लागले. शेवटी ती माझ्यापाशी वाकली.

"अं हं," ओपारे म्हणाला. "ते यादीत नाही."

"दादा, आईचं आसन आहे ते. तुम्हीच पाहुणा म्हणाला होता."

"म्हणालो होतो. पाहुणा तीन आठवडे राहिला, खर्च नको? दोनशे सेडी द्या आणि न्या."

मी डुफीकडे पाहत होते. तिच्या कमरेच्या गाठीत पैसे होते. गाठ फुगलेली मला दिसत होती. तिने गाठीवर हात ठेवला. मशिनांकडे पाहिले, मग बाहेर ट्रककडे, मग माझ्याकडे. माझ्यावर माशाचा डाग पडला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "लाकूडच आहे."

ती वळली. मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. तिला बिरागोने माझ्यावर बसूनच पाजले होते. पण तेव्हा माझ्यातून काहीतरी चर्रकन फाटले, आणि बैठकीला कडेपासून मध्यापर्यंत चीर गेली. ओपारेला वाटले, उन्हाने गेली असेल.

त्यानंतरचे आठ महिने सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगते. ट्रकचे चाक घसरू नये म्हणून मला चाकाखाली सारत. माझ्यावर उभे राहून पत्रे ठोकत. माझ्यावर ठेवून कोंबडीची मान तोडत. गाडीचे काळे तेल माझ्या चिरेत शिरले ते शिरलेच. दिवसभर मी उभे आणि रिकामे असे. वाटेवरचे काय काय माझ्यावर टेकून गेले ते तुम्हाला सांगून भीती घालत नाही. दर आठ दिवसांनी मला वाटे, आता वाळूचा हात लागेल. लागे तो बुटाचा तळवा.

मग एका दुपारी डुफी चौथ्यांदा आली. काळे आणि लाल, सुतकाचे कपडे घातलेली.

ओपारेने कपड्यांकडे पाहिले आणि त्याला सगळे कळले. आमच्या रीतीने म्हाताऱ्या बाईची शेवटची आंघोळ तिच्याच आसनावर बसवून घालतात, हे त्याला डुफीने सांगावे लागले नाही.

"नाना गेल्या? अरेरे," तो म्हणाला. "मग तर आसन लागेलच तुम्हाला. हजार द्या."

तिने मोजलेही नाहीत. गाठ सोडून त्याच्या पुढ्यात टाकली.

"दुःखात सहभागी आहे हो," तो म्हणाला, आणि नोटा सरळ करू लागला.

असे मी डुफीच्या घरी, बिरागोपाशी पोहोचले. ज्या घरात ती जवळजवळ नऊ महिने राहिली, त्या घरात मी पहिल्यांदा गेले ती तिच्या मयताच्या दिवशी. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला कुणाला शहाणपण शिकवता येत नाही. एवढेच मागते. घर हलवाल तेव्हा नंबर लावलेल्या वस्तू आपोआप पोहोचतात. जिला नंबर लावायला कुणाचे मन झाले नाही, ती वस्तू आधी स्वतःच्या काखेत घ्या. आणि दारात कुणी ती अडवून धरली, तर गाठीवर हात ठेवून विचार करत उभे राहू नका.

न्हाणीच्या दारात डुफी मला घासायला बसली. वाळू होती, लिंबे होती. तेल निघेना. शेजारी बिरागोची बहीण फोरिवा बसली होती, थकलेली, पाय पसरून.

"शेवटपर्यंत तुझं गुणगान गात होती हो," फोरिवा म्हणाली. "प्लास्टिकच्या खुर्चीवर आंघोळ करायची, आणि उठली की तीच खुर्ची भिंतीशी आडवी करून ठेवायची. मी हसले तर म्हणाली, हस, पण माझ्या डुफीला हसू नकोस. त्या मेल्याच्या पाया पडली असेल पोरगी माझ्यासाठी. त्यानंच दिलं नाही, ती काय करील?"

डुफीचा हात थांबला. मग तो पुन्हा घासू लागला, जोरात, बोटांची साले निघेपर्यंत. तिने गाणे म्हणायला सुरुवात केली, "घासते आसन, नदीच्या वाळूनं," आणि पुढचे तिला आठवेना.

बायकांनी बिरागोला आत आणले आणि माझ्यावर बसवले. केवढी हलकी झाली होती ती! कारागीर खरे बोलला होता म्हणायचा. माझी चीर तिच्या भाराने जराशी मिटली. फोरिवा मागून तिला आधार देऊन बसली. डुफीने पहिला तांब्या भरला. तो आईच्या खांद्याशी नेला, आणि पाणी ओतले नाही.

"आई," ती म्हणाली. सगळ्या बायका बघू लागल्या. "तो देत होता. दोनशे मागत होता फक्त. माझ्या कमरेला होते, आई. मीच म्हटलं, राहू दे, लाकूडच आहे."