वाऱ्यानं उलटलेली तोफ

फलकाचं काम माझ्या गळ्यात पडलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. किल्ला समितीच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, युद्धाच्या काळात आपल्या किल्ल्यावर नेमकी कोणकोणती लष्करी पथकं राहून गेली? बाबा उठले आणि म्हणाले, "आमच्या सूनबाई नकाशा कार्यालयात आहेत. त्या काढतील शोधून." आधी मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

बाबांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारचे ताठ उभे राहत असतील असा आवाज. समितीचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी. त्यांच्या कात्रीशिवाय इथलं एकही उद्घाटन होत नाही, म्हणून त्यांना सगळे फीतवाले म्हणतात. फीतवाल्यांना फलक हवा होता कारण फलक म्हटला की फीत आली. बाबांना हवी होती फलकावरची एकच ओळ: किल्ल्यावरच्या तोफखान्यानं शहराचं रक्षण केलं. आणि त्याखाली त्यांच्या वडिलांचं, अप्पांचं नाव.

अप्पा मूळचे सुतार. युद्धात ते किल्ल्यावरच्या तोफखान्यात होते, हे आमच्या घरात पोरंसोरंसुद्धा पाठ म्हणून दाखवतात. नदीपलीकडे तेलाच्या टाक्या होत्या आणि अप्पांचं बिऱ्हाडही तिथंच होतं. तोफांखाली बायकापोरं सुरक्षित राहतील म्हणून त्यांनी बिऱ्हाड हलवून किल्ल्याखालच्या गल्लीत आणलं. पुढं एका दुपारी शत्रूची विमानं आली. गल्ली जमीनदोस्त झाली. बाबांची आई आणि धाकटी बहीण त्यात गेल्या. बाबा आत्याकडे खेळायला गेले होते, म्हणून वाचले.

अप्पांनी मुलाला आत्याकडेच ठेवलं आणि परत कधी घरी नेलं नाही. राहायचे हाकेच्या अंतरावर, पण रस्त्यात पोरगा दिसला की मान वळवून निघून जायचे. बाबा म्हणत, "तोफांच्या आवाजानं त्यांचं डोकं बधिर झालं होतं. शूर माणसांचं असंच असतं." लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी पटकन बोलून गेले, की स्वतःचं पोर दुसऱ्याच्या दारात टाकायचं, हे कसलं आलंय शौर्य? बाबांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. नवरा म्हणाला, "अगं, त्यांना बापाकडून एवढंच मिळालंय. तेवढं तरी राहू दे."

कामाला लागले. सुरुवात सोपी होती. युद्धाच्या पहिल्या वर्षी किल्ल्यावर खेचरांचं वाहतूक पथक होतं, मग बिनतारी संदेशवाले आले, मग काही महिने आजारी सैनिकांचा दवाखाना. या सगळ्यांच्या नोंदी लष्कराच्या दप्तरात होत्या. तोफखान्याची मात्र नव्हती. मी दोनदा विचारलं; दोन्ही वेळा उत्तर आलं, या ठिकाणी तोफखाना नव्हता.

"लष्कराला काय कळतंय?" फीतवाले म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

मग शत्रूनं विमानातून काढलेले फोटो मिळाले. ते आता परदेशातल्या एका संग्रहातून मागवता येतात. पहिला फोटो आला आणि त्यात तटावर चार तोफा, नळ्या आभाळाकडे, अगदी चित्रात काढल्यासारख्या. घ्या! मी तोफांसकट किल्ल्याचा नकाशा काढून समितीला दिला. फीतवाल्यांनी 'तोफांचा किल्ला' म्हणून आमंत्रणं छापली. बाबांनी फोटो चौकटीत बसवला आणि बैठकीच्या खोलीत लावला. पाहुणा आला की त्याला आधी तिकडे उभा करायचे, मग पाणी.

खरं म्हणजे आमच्या धंद्यात एकट्या फोटोवर विश्वास ठेवत नाहीत. शेजारशेजारचे दोन फोटो जोडभिंगाखाली धरायचे, म्हणजे जमीन डोळ्यांसमोर उचलून येते. मग सावल्या मोजायच्या, वाटा बघायच्या. कार्यालयात नवीन माणसाला मी हेच घोकून घेते. पण घरचं काम पडलं, आणि सासरे एवढे खूश! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

उरलेले फोटो मागाहून आले. ते मी जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली घेतले. पहिल्यांदा खटकल्या वाटा. माणसं रोज चालतात तिथलं गवत मरतं आणि फोटोत पांढरी रेघ उमटते. स्वयंपाकघराकडे रेघ होती, संडासाकडे तर चांगली रुंद होती. दारूगोळ्याच्या खोलीपासून तोफांकडे मात्र काहीच नाही. म्हणजे तोफांना गोळे कोणी नेऊन द्यायचंच नाही? मग वादळानंतरचा फोटो घेतला. झाडं आडवी झाली होती. आणि एक तोफ आपल्या जागेवरून उडून तटाच्या कडेला पडली होती, चाकं वर करून.

मी एकटीच खो खो हसले. वाऱ्यानं तोफ उलटली! लाकडाची होती हो, लाकडाची. रंगवलेल्या फळ्या. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आकाशातून तोफासुद्धा साजऱ्या. शत्रू फसला तो फसला, इतक्या वर्षांनी मीही फसले.

काय शोधायचं ते आता कळलं होतं, म्हणून लष्कराला पुन्हा विचारलं, यावेळी सुतारांचं पथक म्हणून. तसं पथक निघालं. सुतार, रंगारी, नाटकाचे पडदे करणारा एक जण. काम एकच: किल्ला असा सजवायचा की शत्रूला वाटावं महत्त्वाचं सगळं इथंच आहे, आणि त्यानं तेलाच्या टाक्या सोडून इथं बॉम्ब टाकावेत.

हे वाचलं आणि मला अप्पांची गल्ली आठवली. त्या दुपारी शत्रूनं अगदी तेच केलं होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "या वयात कशाला? फलक लागू दे. कोण येतंय तपासायला?" मी भडकले. म्हटलं, माझ्या नावाचा नकाशा लागणार आहे तिथं, आणि तो खोटा आहे. पण खरं सांगायचं तर सांगायची भीती मलाही वाटत होती. बाबांच्या हातात एकच गोष्ट होती आणि ती मी हिसकावून घ्यायला निघाले होते.

सकाळी चहा झाल्यावर भिंग टेबलावर मांडलं. "बाबा, जरा बघता का?"

त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि वाकले.

"ही पालथी पडलीये."

"हो. वादळानं."

"वादळानं तोफ पडत नाही, सूनबाई."

"नाही पडत."

मग मी सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, एक घाव दोन तुकडे. पथक कोणाचं, तोफा कशाच्या, कशासाठी. त्यांनी भिंगावरून डोळा काढला नाही, पण बघत नसावेत.

"अप्पांना माहीत होतं? बॉम्ब इथं पडावेत म्हणून करतोय ते?"

"वरून काय सांगितलं होतं ते मला नाही कळलं, बाबा. टाक्यांपासून लांब म्हणून बिऱ्हाड इथं आणलं, त्याअर्थी आधी माहीत नसावं."

"नंतर कळलं असणार."

"हो. नंतर कळलंच असणार."

त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा लहान झालेला ऐकला. "मला वाटायचं, मी त्यांना नकोसा आहे. त्या दोघी गेल्या आणि हाच कशाला राहिला, असं त्यांना वाटतं. कवायत शिकलो, छातीवर पदकं लावली, कशासाठी? एकदा तरी बघतील म्हणून." मला रडू आलं. त्यांना नाही आलं. ते उठून आपल्या खोलीत गेले आणि दुपारी जेवायला आले नाहीत.

फीतवाल्यांनी आकांडतांडव केलं. आमंत्रणं वाटून झाली होती, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं होतं, आणि आता सुतारांचा फलक लावायचा? ते म्हणाले, तोफखाना राहू दे, लाकडाचं कोण विचारतंय. मी म्हटलं, मग माझा नकाशा काढा. शेवटी बाबाच त्यांच्या दुकानात जाऊन आले. तिथं काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण फलकावर सुतार आले, रंगारी आले, पडदेवालाही आला.

उद्घाटनाला बऱ्यापैकी गर्दी होती. फीत कापून झाली, टाळ्या झाल्या. बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ध्वनिक्षेपक त्यांनी बाजूला सारला. त्यांना तो कधी लागलाच नाही.

"माझे वडील तोफखान्यात नव्हते," ते म्हणाले. "ते सुतार होते. त्यांनी केलेल्या तोफा शत्रूला खऱ्या वाटल्या, म्हणून नदीपलीकडच्या टाक्या वाचल्या, शहर वाचलं आणि आमची गल्ली गेली. गल्लीत माझी आई होती, बहीण होती. त्या दोघींना तिथं वडिलांनीच आणून ठेवलं होतं. हे त्यांनी मला जन्मात कधी सांगितलं नाही."

ते थांबले. लोकांना वाटलं, संपलं. दोघातिघांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

"सांगितलं असतं," बाबा म्हणाले, "तर मी त्यांच्याकडे राहायला गेलो असतो."