गणपतीआधीचे तीन आठवडे

माझ्या धाकट्या भावाने, स्वप्नीलने, बाबांना पॉलिनेशियाला न्यायचं ठरवलं आणि तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. पॉलिनेशिया म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं. त्यातल्या काही बेटांवर म्हणे हॉटेल नाही, रस्ता नाही, माणूसच नाही. बारा दिवस मासे पकडायचे, पाण्याखाली बुड्या मारायच्या आणि बोटीवरच राहायचं. आणि हे करणार कोण? तर आमचे त्र्याहत्तर वर्षांचे बाबा. गोडदेवला आमच्या दीड खोलीत माझ्याकडे राहणारे. ज्यांच्या गुडघ्यांना रोज मी तेल चोळतो, ते.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. स्वप्नील कॉम्प्युटरवाला आहे, बेव्हर्ली पार्कात मोठा फ्लॅट आहे, सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. आता त्याच्याकडे जपानी रॉड आले, पण गावी रेवदंड्याच्या खाडीवर त्याला गळाला कोलंबी लावायला शिकवलं ते मी. त्याला ती धड लावता यायची नाही, बोट टोचलं की भोकाड पसरायचा. हे मी कुणाला सांगायला गेलो की माझी बायको मनाली म्हणते, "अहो, किती वेळा सांगाल? त्याचं बोट कधीच बरं झालं."

मे संपत आला तसे दर रविवारी बाबा बेव्हर्ली पार्कला जायला लागले. तिथे लॅपटॉपवर नकाशे, रीळ, दोऱ्या, कुठल्या बेटाजवळ कुठला मासा याची चर्चा. स्वप्नील तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकून आला होता. बाबांना त्याने नुसता काचेचा मुखवटा आणि तोंडात धरायची नळी आणून दिली, म्हणजे पाण्यावर तरंगत खालचं बघता येईल. घरी आल्यावर बाबा मोरीत बादली भरून त्यात तोंड घालायचे आणि मनालीला घड्याळ बघायला सांगायचे. "दीड मिनिट, बाबा!" ती ओरडायची आणि दोघं हसायची. इतके हसलेले बाबा मी आई गेल्यानंतर पाहिले नव्हते. त्यांना हसवायला जमलं ते स्वप्नीलला, मला नाही. मी बाहेर बसून चहा गिळायचो.

जेवतानाही तेच. स्वप्नील म्हणाला तिथे पाणी काचेसारखं असतं. स्वप्नील म्हणाला तिथे मासा घाबरत नाही. एकदा मी म्हटलं, "स्वप्नील म्हणाला नाही का, की डाळीत मीठ कमी आहे?" बाबांनी मुकाट्याने मीठ घेतलं.

जूनच्या मध्यावर तारखांची वेळ आली. स्वप्नील आणि त्याची बायको सुरुची आमच्याकडे जेवायला आले होते. आमच्या घरात श्रावण कडक. महिनाभर मासळी तोंडात घालणं सोडा, बाबा मासळीबाजाराच्या रस्त्याने जात नाहीत. एका वर्षी आजारपणात डॉक्टरांनी माशांचं सूप द्या म्हणून बजावलं होतं, तरी बाबांनी वाटी भिंतीकडे सरकवली होती. तेव्हा श्रावण टाळूनच जायला हवं होतं.

"सगळं बसवलंय मी," स्वप्नील म्हणाला. "श्रावण तेवीस ऑगस्टला संपतो. ऑफिसच्या यादीत गणपती चौदा सप्टेंबरला. मधे मस्त तीन आठवडे मिळतायत. पंचवीसला निघू, सहाला परत."

मी घास तोंडाशी धरून थांबलो. श्रावण आणि गणपती यांच्या मधे तीन आठवडे! अरे, श्रावण संपला की चौथ्या दिवशी गणपती येतो, हे आमच्या मजल्यावरच्या हंसाबेनलाही ठाऊक आहे. या गाढवाने श्रावण गेल्या वर्षीचा धरला होता आणि गणपती या वर्षीचा. यंदा अधिक महिना आल्यामुळे सगळेच सण पुढे गेले होते. आणि हा पठ्ठ्या त्याच अधिक महिन्यात सासरी जाऊन धोंडे खाऊन, चांदीची वाटी घेऊन आला होता! तरी टाळक्यात उजेड पडला नाही. त्याची सहल अख्खीच्या अख्खी श्रावणात पडत होती.

"दादा, तू एकदा बघून घे ना," तो म्हणाला. "घरचं पंचांग तूच बघतोस."

देव आमच्याकडे, त्यामुळे सणवार, श्राद्ध, मुहूर्त सगळं मीच बघतो. भिंतीवर कॅलेंडर होतं. मी उठलो, पानं उलटली, तेरा ऑगस्टला श्रावण सुरू होताना डोळ्यांनी पाहिला आणि म्हणालो, "बरोबर आहे. कर बुकिंग."

खोटं बोललो. आणि सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. बाबा समोरच बसले होते, नव्या रिळाची मूठ फिरवत.

तिकिटं निघाली. मी वाट बघत होतो की आता पैसे परत मिळायची मुदत संपू दे. मग बाबांना सांगेन, मग बाबा नाही म्हणतील आणि स्वप्नील एकटा जाऊन आपले मासे मोजत बसेल. मुदत संपली त्या शनिवारी मी कामावरून लवकर आलो. बाबा दोरीला गाठ मारायचा सराव करत होते.

"बाबा, एक घोळ झालाय," मी म्हटलं. "तुमची सहल श्रावणात येते."

त्यांनी गाठ घट्ट ओढली. "ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"जेवताना तो बोलला तवापासून. तू कॅलेंडर बगितलंस, मी तुझं तोंड बगितलं."

माझे कान तापले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर त्यानं तारीख पुढं ढकलली असती. मग गणपती, मग त्याचं ऑफिस, मग दिवाळी. ढकललेली तारीख परत येत न्हाय, लवू. ह्या घरात बगितलंय मी."

तीन वर्षं मी त्यांना वरसाव्याच्या खाडीवर नेतो म्हणून सांगत होतो. रिक्षाने अर्धा तास लागतो.

"आणि श्रावण?" मी तरीही विचारलं.

"एक मोडला तर मोडला."

डॉक्टरांसाठी नाही, जिवासाठी नाही, आणि स्वप्नीलसाठी मोडला! मला रडू यायला लागलं आणि रागही येत होता. मी तसाच जिन्यात जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. स्वप्नीलच होता.

"दादा, घोटाळा झाला! ऑफिसात सगळे गटारीचा प्लॅन करतायत, बारा ऑगस्टचा. म्हणजे श्रावण तर नंतर आहे! तू बघितलं होतंस ना?"

चुकलं असं म्हणता आलं असतं. डोळ्यांना नीट दिसत नाही, चष्मा बदलायचाय, काहीही.

"बघितलं होतं," मी म्हणालो. "मुद्दाम नाही बोललो."

"का?"

"जळत होतो म्हणून. बाबा तुझ्याबरोबर जातायत म्हणून."

मला वाटलं, आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू माझ्यावर जळतोस?" तो म्हणाला. "दादा, माझ्या घरी एक खोली त्यांच्यासाठी रिकामी आहे, सात वर्षं. एक रात्र राहिले नाहीत ते. संध्याकाळ झाली की म्हणतात, लवू येईल आता, मला सोड. तिथून त्यांना परत यायला रिक्षा मिळणार नाही, म्हणून एवढ्या लांब नेतोय मी."

दारातून बाबा दिसत होते, पुन्हा तीच गाठ सोडवून नव्याने मारत असलेले.

"आता काय करू?" स्वप्नीलने विचारलं. "सप्टेंबरअखेर मिळतंय का बघू?"

"नको," मी म्हणालो. "तारीख बदलू नकोस."