आप्पांना न दाखवलेला उजेड

मित्रांनो, मी उजेड वळवणारी एक जुनी चिप आहे. आकाराने ज्वारीच्या दाण्याएवढी. लोहारा गावातल्या एका साध्या रविवारची गोष्ट सांगते, कारण त्या दिवशी मी डबीतच राहिले.

मला शिवकांताने पुण्याच्या प्रयोगशाळेत घडवलं. सिलिकॉनच्या चकतीवर तिने उजेडासाठी केसाहून बारीक वाटा कोरल्या आणि त्यांच्या टोकांना शेकडो दारं ठेवली. एकच उजेड या सगळ्या दारांतून बाहेर पडतो, पण प्रत्येक दारातून शेजारच्यापेक्षा किंचित उशिरा. तुमच्या कवायतीची रांग आठवा. सगळे एकदम निघाले तर रांग सरळ पुढे जाते. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या जरासा मागून निघाला तर तीच रांग तिरकी होते, तिचं तोंड दुसरीकडे वळतं. उजेडाचंही तसंच आहे. उशीर नेमका साधला की माझा कणही न हलता झोत हवा तिकडे जातो.

तो पहिल्यांदा वळला तेव्हा प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. पुढे माझी काही दारं बंद पडली, नव्या चिपा आल्या आणि मी दाखवण्यापुरती उरले. त्या रविवारच्या आदल्या दिवशीच शिवकांताने सोलापूरच्या एका कॉलेजात मुलांना मला हौसेने दाखवलं होतं. पुण्याला परतण्याआधी ती लोहाऱ्याला घरी आली.

तिचे वडील शंकरप्पा, म्हणजे आप्पा, शेजारच्या श्रीशैलच्या बोअरवरून नुकतेच आले होते. आरशावर ऊन घेऊन ते बोअरमध्ये सोडायचं आणि पाणी किती खाली गेलंय ते बघायचं, यासाठी गल्लीतले लोक त्यांनाच बोलवत. श्रीशैलही चहाला आला होता. उपरण्याने आरसा पुसत आप्पा म्हणाले, "शिवे, तुजा त्यो उजेड दाखव की आमाला."

"तो डोळ्यांना दिसत नाही, आप्पा."

"दिसत न्हाय? मग वळवतीस कशाला त्याला?"

"आप्पा, तसला उजेड आमच्या शेतात रोज असतोय," श्रीशैल म्हणाला. "लाईट गेली की!"

आप्पा पोटभर हसले. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "तरी बी दाखव. कळंल तेवढं कळंल."

पिशवीत मी होते, छोटा लेझर आणि लॅपटॉप होता, आणि माझा झोत पडला की ज्यावर नारिंगी ठिपका चमकतो ते कार्डही होतं. मांडायला कितीसा वेळ लागला असता!

"पुढच्या खेपेला, आप्पा. आज घाई आहे."

"बरं, बरं. आधी काम," असं म्हणून ते उठले. शिवकांता गाडीच्या वेळेपर्यंत फोन बघत बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांच्या छातीत कळ आली. ती पुण्याहून उलट पावली परतली, तोवर ते गेले होते. लिंगायत रिवाजाप्रमाणे शेतात त्यांना समाधी दिली.

मित्रांनो, निर्जीव वस्तूला कोण दोष देणार? पण डबीत मला सगळं ऐकू येत होतं, आणि ते हसणं अजून ऐकू येतं. उजेडाला किती उशीर करायचा ते मला कळतं. माणसाने केलेला उशीर मात्र मला भरून काढता येत नाही.

पाहुणे पांगल्यावर एका दुपारी शिवकांताने डबी उघडली. माझ्यावर धूळ नव्हती. तिने मला नेहमीच जपलं होतं. पण वस्तू नुसती जपून ठेवू नका, मित्रांनो. घरातलं माणूस "दाखव" म्हणालं तर हातातलं बाजूला ठेवून तिथल्या तिथे डबी उघडा.

तिने कार्ड आईच्या, नागम्माच्या, हातात दिलं आणि लॅपटॉपवर उशिराचा आकडा बदलला. ठिपका सरकला.

"अगं बया! हातबी लावला न्हाईस, आन् सरकतोय व्हय?" नागम्मा कार्ड डोळ्यांजवळ नेत म्हणाली. मग तिने कार्ड मांडीवर ठेवलं. "ह्यांना लगीच कळलं असतं, शिवे. दाखवायचं व्हतं."

शिवकांता आप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. ती मोठ्याने म्हणाली, "आप्पा, मला घाई नव्हती. तुम्हाला कळणार नाही, असं वाटलं होतं मला."