राखून ठेवलेला आवाज

दलालाने पहिला भाव कबूल केलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. जुनी यंत्रं घ्यायची आणि विकायची हा त्याचा धंदा: छापखान्यांची, गिरण्यांची, बंद पडलेल्या बेकऱ्यांची. समोरच्याने आकडा सांगितला की तो यंत्राकडे मेलेल्या म्हशीकडे बघावं तसा बघायचा, "बघू" म्हणायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचा. चालायचाही हळू, कारण मागून येणारी हाक ऐकू यायला हवी. ती यायचीच, कधी दारात, कधी पायरीवर. बायको म्हणायची, यांना स्वर्गाच्या दारात नेलं तरी हे दुसरीकडे चौकशी करून येतो म्हणतील.

ही विद्या त्याला थोरल्या भावाने शिकवली होती. पुढे दोघांचं दुकान वेगळं करायची वेळ आली, तेव्हा भावाने वाटणी मांडली आणि धाकटा सवयीने "बघू" म्हणून उठला. जिना एकेक पायरी मोजावी तसा उतरला. वरून हाक आली नाही. कशी येणार? हाकेची वाट बघत कसं चालायचं, हे ज्याने शिकवलं तोच वर बसला होता. एक जिन्याखाली थांबलेला, दुसरा वर गप्प; आणि त्या दोन हट्टांच्या मधे वर्षांमागून वर्षं निघून गेली. फायदा कुणाचा झाला, हे विचारायची सोय नव्हती.

मग वहिनींचा फोन आला. दादांच्या घशात गाठ निघाली होती आणि स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. पुढे एखादं उपकरण लावून घोगरं काहीतरी बोलता येईल म्हणे, पण हा आवाज गेला तो गेलाच. वहिनींनी एवढंच सांगितलं, "त्यांना तुमच्याशी बोलायचंय, भावजी. त्याआधी या."

दलालाने त्याच दिवशी तिकीट काढलं. भाव न विचारता काढलं, हे त्याच्या बायकोने नंतर चार जणांना सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तो विमानतळावर बसला होता. फलकावरच्या त्याच्या विमानापुढे आधी 'विलंब' आलं आणि बऱ्याच वेळाने 'रद्द'. विमानात बिघाड होता. लोक मिनिटभर फलकाकडेच बघत राहिले, जणू तो शब्द बदलेल. दलाल तेवढ्यात उठला आणि काउंटरवर पहिला जाऊन उभा राहिला. बिघाड झालेल्या यंत्रापाशी रडत बसायचं नसतं, मालकाला गाठायचं असतं, हे त्याला कळत होतं.

काउंटरवरच्या मुलीने संगणकावर शोधलं आणि सांगितलं की एक जागा आहे. विमान आता थोड्या वेळात निघेल, मधे एका शहरात बदलावं लागेल, संध्याकाळी उशिरा पोहोचाल. जागा शेवटच्या रांगेत, दोघांच्या मधली, संडासाला लागून. नाहीतर उद्या सकाळचं सरळ विमान, त्यात पुढची जागा, आणि रात्रीची हॉटेलची सोय कंपनीची.

खरं तर इथे विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. पण दलालाचं डोकं विचार करायच्या आत हिशेब करायचं. चूक कंपनीची, म्हणजे गरज कंपनीला. आणि ज्याला गरज तो वाकतो. त्याने मुलीला विचारलं, आजच्याच विमानात पुढची जागा का नाही? ती म्हणाली, नाहीये. त्याने विचारलं, मग दुसऱ्या कंपनीचं विमान? ती म्हणाली, भरलंय. आणि मग, मागे ही एवढी रांग असताना, त्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं. "बघू," तो म्हणाला, बॅग उचलली आणि हळू चालू लागला.

हाक आली. "पुढचे या," मुलगी म्हणाली.

पुढच्या बाईंनी संडासाशेजारची ती जागा अशा आनंदाने घेतली, जशी लॉटरीच लागली. दलाल चार पावलांत परतला, पण मधे माणसं शिरली होती. त्याने त्या बाईंना गाठून अदलाबदलीचं विचारलं. बाई सज्जन होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आधी का नाही घेतलीत?" बाईंच्या मुलीचे दिवस भरले होते. त्या निघून गेल्या.

त्याने सकाळचं विमान घेतलं. तसं बिघडलं काय होतं? ऑपरेशन दुपारचं, विमान सकाळी लवकर उतरणार, हॉस्पिटल विमानतळापासून जवळच. शिवाय पुढची जागा. सौदा तोट्याचा नाही, असं त्याने स्वतःला पटवलं आणि वहिनींना फोन लावला.

वहिनींनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत ते. मी चहा विचारला तरी मान हलवतात. आवाज दुखतो, थोडाच उरलाय, तो तुमच्यासाठी राखून ठेवलाय म्हणे. समोरच बसलेत. हात पुढे केलाय बघा. देऊ फोन?"

दलालाच्या शेजारी एक लेकरू खुर्चीवर उड्या मारत होतं, पलीकडे कुणीतरी कंपनीच्या नावाने शिव्या देत होतं. इतक्या वर्षांचं बोलणं असं बाजारात उरकायचं? आणि दादाने "अरे" म्हटलं तर आपल्याला इथेच, या सगळ्यांसमोर रडू येईल, हेही त्याला आतून कळलं होतं. हे दुसरं कारण त्याने पहिल्याच्या मागे लपवलं.

"नको," तो म्हणाला. "आवाज खर्च करू नका म्हणावं. सकाळी समोर बसून बोलतो."

मग वहिनी म्हणाल्या, "बरं. हात मागे घेतला त्यांनी."

सकाळी धुकं पडलं. हॉटेलच्या खिडकीतून समोरची इमारत दिसेना, तेव्हाच त्याने वेळेवर पोहोचायच्या आशेचा आकडा मनात खाली आणला. विमानात बसवलं आणि धावपट्टीच्या कडेला थांबवून ठेवलं. पुढची जागा ऐसपैस होती. पाय लांब करता येत होते, आणि त्या पायांना कुठेही जाता येत नव्हतं. वहिनींना त्याने कळवलं की धुक्यात अडकलोय. मग डॉक्टरांनी वेळ थोडी अलीकडे घेतली, कारण दादाच्या आधीचा रोगी तापाने फणफणला होता. हे वहिनींनी कळवलं तेव्हा विमान अजून जमिनीवरच होतं. या वेळी त्याने स्वतःच म्हटलं, "दादाला फोन द्या."

"आत नेलं, भावजी," वहिनी म्हणाल्या.

तो पोहोचला तेव्हा दादाला खोलीत आणून ठेवलं होतं. गळ्याला पट्ट्या, मधे नळी, डोळे मिटलेले. हा माणूस एवढा लहान कधी झाला, ते दलालाला कळेना. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. तो त्यांच्याशेजारी बसला.

"काही बोलला का आत जाताना?" त्याने विचारलं.

"मला वाटलं होतं, नेताना तरी मला काही म्हणतील," वहिनी म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. "दारापर्यंत गप्पच होते. तिथे ट्रॉली ढकलणाऱ्याचा हात धरून त्याला थांबवलं आणि विचारलं, 'बाहेर धुकं कमी झालं का रे?' घसा फाटल्यासारखा आवाज निघाला. त्या बिचाऱ्याला काही कळेना. तो म्हणाला, 'नाही काका.' मग नेलं."

आतून परिचारिकेने डोकं काढून सांगितलं, जाग आलीय, एकाने या.

वहिनी उठल्या नाहीत. दलाल आत गेला. दादाने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि सवयीने तोंड उघडलं. ओठ हलले, पट्टीमागे नळीतून नुसती हवा सुटली. मग त्याचं त्यालाच आठवलं, आणि त्याने तोंड मिटून घेतलं.

दलालाने खुर्ची जवळ ओढली. बोलायचं सगळं आता त्याच्याचकडे होतं, आणि त्याला सुरुवातीचा शब्द सापडत नव्हता.