कुंडमचा साज

पासष्टची लढाई सुरू होती. आमच्या कारखान्यात तोफगोळ्यांच्या पेट्या दिवसरात्र ठोकल्या जात होत्या. मी तिथे सुतार होतो. त्या वर्षी गणपतीत मराठी मंडळाने जवळच्या जंगलातल्या कुंडम गावच्या मोहतू परधानाचा सत्कार ठरवला. परधान म्हणजे गोंडांचा गायक. कोणी मेलं की तो बाना वाजवून बडादेवाला जागं करतो आणि मेलेल्याला देवात मिळवतो. बाना म्हणजे गजाने वाजवायचं तीन तारांचं वाद्य.

मांडव मालगाडीच्या रुळांजवळ, कुंपणाला लागून होता. दुपारी मोहतू आला. मंडळाचे चिटणीस बापूसाहेब शाल पांघरवू लागले, तसा तो म्हणाला, "साब, मेरा साज इधर आया है. उससे मिला दो."

"अहो भैया, साज तर तुमच्या खांद्यावर लटकून राहिला! काहून शोधता?" बापूसाहेब म्हणाले.

साज म्हणजे वाद्य असं समजून सगळा मांडव हसला. मोहतूने खाली बसून गज ओढला. तारा थरथरताना दिसत होत्या, पण आवाज निघत नव्हता. पुढे बसलेलं एक मूल रडायला लागलं. बापूसाहेबांनी घाईने टाळ्या वाजवल्या.

मी त्याला कुंपणापाशी नेऊन पाणी दिलं. तो म्हणाला, चैतात ठेकेदाराने बडादेव राहतो ते झाड तोडलं. तेव्हापासून बाना मुका आहे. मग बायको वारली. सुकली तिचं नाव.

"दरवाजे पर खड़ी रहती है, भैया. न अंदर आती, न जाती. देव ही नहीं, तो किसमें मिलाऊं?"

"झाड कौनसा था?"

"साज. बोला तो."

आम्ही ज्याला ऐन म्हणतो, ते. उन्हाळाभर कुंडमकडचे ऐनाचे ओंडके येत होते. त्यांच्याच फळ्यांच्या पेट्या मी ठोकल्या होत्या.

मी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. हमाल मालगाडीत पेट्या चढवत होते. मोहतूने तिकडे तोंड करून गज ओढला. बाना मुकाच राहिला. आवाज डब्यांतून आला. तो एका पेटीतून येत नव्हता. सगळ्या पेट्यांत थोडा थोडा होता. हमालांनी चटके बसल्यासारखे हात काढून घेतले.

"कहां जा रही है?" मोहतूने विचारलं.

"सरहद पर."

"वापस?"

मी नकारार्थी मान हलवली. इंजिनाने शिटी दिली.

मोहतूने बायकोच्या नावाने हाक मारली. कुंपणालगतचं गवत वाकलं, मग त्यापुढचं, मग रुळांकाठचं. वारा अजिबात नव्हता. गाडी हलली तसं गवत भराभर वाकत तिच्या मागे निघालं.

"ठहर सुकली! तू रास्ता नहीं जानती!"

तो कुंपणाच्या तारेखालून पलीकडे गेला.

"मोहतूजी, नारळ घ्यायचा राहिला!" बापूसाहेब मांडवातून ओरडले.

तो वळला नाही. रुळांकाठाने तो चालत होता, एक हात जरा बाजूला धरून, कोणाला तरी सांभाळून नेत असल्यासारखा.