मिनिटरावांची पट्टी आणि शांघायचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. जेवणाच्या टेबलावर, एका मोठ्या कागदाच्या कडेला आडवी पडलेली ही तीन फुटांची काठीसारखी दिसते ना, तीच मी. वय विचारू नका. माझ्यावरचे पहिले चार आकडे केव्हाच पुसले गेलेत. घरात आत्ता चिटपाखरू नाही. दाराला कुलूप आहे, खिडक्या लावलेल्या आहेत, आणि नळ नीट बंद आहे ना, हे आमच्या मालकांनी जाण्यापूर्वी तीन-तीनदा पाहिलंय. तेव्हा माझं ऐकायला तुम्हीच.

मला घडवलं एका सुताराने. भारी चिकाटीचा माणूस! लाकूड दोन वर्षं सावलीत मुरवलं, रंधा मारला, एका कडेला पितळेची पातळ पट्टी बसवली. मग एक डोळा मिटून मला नजरेसमोर धरलं आणि म्हणाला, "आता हिच्यात कुणी खोट काढून दाखवावी." तेव्हापासून मला जराशी घमेंड आहे. ती आहेच, लपवून काय उपयोग? वाकडंतिकडं मला खपत नाही.

सुताराकडून मी थेट गेले रेल्वेच्या वेळापत्रकाच्या कचेरीत. तिथे एक तरुण कारकून नुकताच लागला होता. तो मिनिटाचाही हिशेब इतका काटेकोर ठेवायचा, की सगळे त्याला मिनिटराव म्हणायला लागले. हेच माझे मालक. त्यांचं काम तुम्हाला सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टेबलभर पसरेल एवढा चौकटींचा कागद असायचा. वरच्या बाजूला दिवसाचे तास, डाव्या बाजूला एकाखाली एक स्टेशनांची नावं. गाडी धावत असली की तिची रेघ तिरकी जायची. गाडी उभी असली की रेघ आडवी. एक्सप्रेस लाल पेन्सिलीने, मालगाडी काळ्या. आणि या सगळ्या रेघा मारायच्या माझ्या पितळी कडेवरून.

नियम एकच, पण जिवावरचा. एकाच रुळावर दोन रेघा एकमेकींना चिकटता कामा नयेत. चिकटल्या म्हणजे टक्कर. म्हणून मागून लाल रेघ आली, की काळीने बाजूच्या रुळावर जाऊन मुकाट्याने उभं राहायचं आणि एक्सप्रेसला वाट द्यायची. मिनिटरावांनी चौतीस वर्षं दुसरं काही केलं नाही. रेघांना रेघांपासून लांब ठेवलं. त्यांच्या तक्त्यावर कधी टक्कर झाली नाही. मोठे साहेब म्हणायचे, "त्यांच्या पट्टीला कुणी हात लावू नका रे बाबांनो." काय तो माझा थाट!

घरी मात्र हिशेब चुकायचा. मिनिटरावांना एकच मुलगी. लहानपणापासून सगळं भरभर उरकणारी, म्हणून तिला घाईबाई म्हणत. तिच्या शाळेतल्या नाटकाला, बक्षिसाला, साध्या सुट्टीलाही वडिलांची गाडी वेळेवर पोचली नाही. ते कचेरीत दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर पोचवत बसायचे.

मग संगणक आले. टेबल गेलं, कागद गेले. निवृत्तीच्या दिवशी मिनिटरावांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं. माझी जागा ठरली कपाटामागे. अधूनमधून बाहेर काढायचे, ते पलंगाखाली गेलेली चप्पल ओढायला. एकदा तर पाल हाकलायला! पितळेची कड असलेल्या पट्टीने पाल! मी मनातल्या मनात खूप रडले.

तीन वर्षांपूर्वी मिनिटरावांच्या बायकोला देवाज्ञा झाली, आणि घरातला आवाजच गेला. घाईबाई दुसऱ्या शहरात कापडाच्या कारखान्यात रंग तपासण्याच्या कामावर होती. रोज फोन करायची.

"जेवलात?"

"हो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"ठेवू?"

"ठेव."

झालं. फोन ठेवल्यावर मिनिटराव बराच वेळ तसेच बसून राहायचे. मी कपाटामागे, ते खुर्चीत. दोघंही कुणाच्या कामाचे नाही, असं मला वाटायचं. त्यांनाही वाटत असावं.

एका रविवारी सकाळी फोन जरा लांबला. घाईबाईची बदली झाली होती, परदेशातल्या नव्या कारखान्यात, तब्बल तीन वर्षांसाठी. जाताना वाटेत शांघायला पाच दिवस मिळणार होते. ती म्हणाली, "बाबा, तिथपर्यंत माझ्याबरोबर चला. पाच दिवस शहर बघू. मग मी पुढे जाईन, तुम्ही परत या. बघायचं काय काय, ते तुम्हीच ठरवा."

मित्रांनो, त्या दिवशी मिनिटरावांनी मला कपाटामागून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, कडेला तेलाचं बोट फिरवलं. मला भरून आलं. त्यांनी शहराचे नकाशे मिळवले, भिंग घेतलं, आणि आठ दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही. वर तास. डावीकडे स्टेशनांच्या जागी नदीकाठ, उंच मनोरा, जुनी बाग, संग्रहालय, बोटीचा धक्का. बागेतला तळ्यावरचा पूल मुद्दाम नऊ ठिकाणी वळवलेला आहे, असं त्यांनी वाचलं, तेव्हा मी नाक मुरडलं. पण एवढं मोठं शहर आम्ही दोघांनी मिळून त्या कागदावर बसवलं. भुयारी रेल्वेत चढउतार करायला चार मिनिटं, गुडघ्यासाठी वर दोन. लाल रेघ घाईबाईची. काळी त्यांची.

काम करताना मी खुशीत होते, म्हणून मला उशिरा कळलं. काळी रेघ सारखी आडवी होत होती. लाल आली की काळी थांबायची. पुढे सरकायची आणि पुन्हा थांबायची. माझ्याच कडेवरून ते स्वतःला बाजूला उभं करत होते, आणि मला ओरडता येत नव्हतं.

निघण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, घाईबाई बॅगा घेऊन आली. मिनिटरावांनी तक्ता तिच्यापुढे पसरला. परीक्षेचा पेपर दाखवावा तसे उभे होते.

"लाल मी का?"

"हो. तू एक्सप्रेस."

"आणि काळी तुम्ही?"

"मालगाडी," म्हणाले आणि स्वतःच हसले. ती हसली नाही. तिचं बोट लाल रेघेवरून चाललं होतं.

"मंगळवारी मी मनोऱ्यावर. तेव्हा तुम्ही कुठे?"

"खाली, बाकावर. दोन तास दहा मिनिटं. सावली असते तिथे, मी फोटोत बघितलंय."

"बुधवारी मी बागेत. तुम्ही?"

"स्टेशनात बसेन. गर्दीत तुला माझ्यासाठी रखडायला नको."

"बाबा, आपण दोघं बरोबर कुठे आहोत?"

त्यांनी चटकन दाखवलं. "ही काय, बोटीच्या धक्क्यावर. बारा वीसला. चांगली आठ मिनिटं आहेत."

"आठ मिनिटं!" घाईबाई मटकन खुर्चीत बसली. "तीन वर्षांसाठी चाललेय मी. नुसतं शांघायच बघायचं असतं, तर एकटी नसते गेले?"

"अगं, मी हळू चालतो. गुडघा धरतो. तुझा खोळंबा होईल."

"होऊ दे ना!" ती रडकुंडीला आली होती. "खोळंबा व्हावा म्हणूनच तर नेतेय तुम्हाला. लहानपणी खिडकीत बसून तुमची वाट बघितली, बाबा. आता तिथे जाऊनही तेच करायचं?"

मिनिटराव म्हणाले, "दोन रेघा जवळ आल्या ना, की मला टक्करच दिसते गं. चौतीस वर्षांची खोड. मला वाटलं, तुला वाट करून दिली की झालं." आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी त्यांना साहेबांसमोरही कधी असं खाली मान घालून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

घाईबाईने नवा कागद ओढला. लाल आणि काळी, दोन्ही पेन्सिली एकाच मुठीत धरल्या. सवयीने मिनिटरावांचा हात माझ्याकडे आला. बोटं पितळेला लागली. मग ते म्हणाले, "पट्टी राहू दे," आणि मला बाजूला सरकवून त्यांनी तिच्या मुठीवर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून रेघ काढायला सुरुवात केली. काय ती रेघ! एकदा वर, एकदा खाली, मध्येच थरथरलेली. लाल आणि काळी शेवटपर्यंत शेजारी शेजारी. मनोऱ्यावर दोघं. बागेत दोघं. बाकावरही दोघं. घाईबाई हसता हसता नाक पुसत होती आणि मिनिटराव म्हणत होते, "हळू, हळू, तिथे जिने आहेत."

मला वाईट वाटलं का? वाटलं. जन्मभरात त्या घरात निघालेली सगळ्यात चांगली रेघ माझ्याशिवाय निघाली. एवढं एकटं मला कपाटामागेही वाटलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, अशी रेघ मला काढताच आली नसती.

तक्त्याचा फोटो काढून घेऊन ते गेले. कागद इथेच आहे, माझ्या शेजारी. आज तिसरा दिवस. आत्ता ते बोटीत आहेत की बागेत, ते त्या रेघेवरून धड सांगता येत नाही. मिनिटरावांना ते चालतंय, याचंच मला राहून राहून नवल वाटतं. शनिवारी ते एकटेच परत येतील. घर असंच असेल. मला पुन्हा कपाटामागे ठेवतील, आणि फोनवर पुन्हा जेवलात का, गोळी घेतली का, हे चालू होईल. पण मला वाटतं, यापुढे ते लगेच "ठेव" म्हणणार नाहीत.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. लाकडाला फार काही लागत नाही, वर्षातून एकदा तेलाचं बोट पुरे. पण तुमच्या घरातही कुणीतरी तुम्हाला वाट करून देऊन बाजूला थांबलं असेल. "तुम्ही व्हा पुढे, मी बसतो इथे," असं हसत म्हणत असेल. त्यांचं ते म्हणणं खरं मानून पुढे जाऊ नका. मागे फिरा, हात धरा आणि उठवा. वाट देऊन उभ्या राहिलेल्या गाडीला आपण होऊन कधीच निघता येत नाही.