कानस न मारलेला गोळा

आमच्या दाजींना सोन्याचं खूळ लागलं ते साठीत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि आता हा माणूस रोज घमेलं घेऊन ओढ्यात जाऊन बसायचा. तीन वर्षांत हाती काय आलं? सर्दी!

वर जेवताना आम्हाला ज्ञान पाजळायचे. "मेहुणे, सोन्याचा गोळा ओढ्यात वाढतो. गाळातले जंतू सोनं विरघळवतात, ते पुन्हा गोळ्यावर चढतं. वरवरची चांदी पाण्यात झिजून जाते. हजारो वर्षांनी बाहेर चोख सोन्याचं पातळ कातडं राहतं, आत मात्र सोन्यात मिसळलेली चांदी तशीच."

"जंतूंनी जुलाब होतात, दाजी. दागिने होत नाहीत."

ताई खो खो हसायची. मी वीस वर्षं सराफाकडे सोनं पारखतोय आणि हे मला सोनं शिकवणार! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग एके दिवशी ताईची बांगडी हरवली. आईची, चोख सोन्याची. घर पालथं घातलं, मिळाली नाही. आणि त्याच आठवड्यात दाजी ताईला घेऊन दुकानात आले. त्यांनी माझ्यासमोर वाटाण्याएवढा पिवळा गोळा ठेवला. चेहरा असा, जणू यांनीच तो जन्माला घातलाय.

मी गोळा कसोटीच्या दगडावर घासला आणि रेघेवर तेजाब टाकलं. रेघ जशीच्या तशी. बावनकशी!

"ओढ्याच्या सोन्यात चांदी असते, दाजी. हे आईच्या बांगडीचं सोनं आहे. वितळवलंत आणि वाळूत घोळवलंत. लाज नाही वाटली?"

"आधी कापून बघा, मेहुणे."

"तुमच्यासाठी माझी छिन्नी झिजवू?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "बांगडी घेऊन या," ती त्यांना म्हणाली, "मगच घरात पाऊल टाका." दाजी गोळा तिथेच ठेवून निघून गेले. मी तो खणात फेकला. ब्याद टळली, असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

नवव्या दिवशी ताईचा फोन आला. धुलाई यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्तीवाल्यानं आतलं पिंप बाहेर काढलं, आणि त्याखाली बांगडी निघाली.

मी खण उघडला. परका माणूस दागिना घेऊन आला की मी आधी कानस मारतो, वर मुलामा असू शकतो म्हणून. पोरासोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. दाजींच्या गोळ्याला मात्र मारली नव्हती. का? कारण तो दाजींचा होता.

आता मारली. दोनदा घासल्यावर आत फिकट रंग दिसला. चांदी! वर कागदासारखं चोख कातडं, दाजी म्हणायचे अगदी तसंच. बांगडी वितळवली असती तर आतही चोखच निघालं असतं. मी पारखी? कसला डोंबलाचा पारखी!

ताईला घेऊन ओढ्यावर गेलो. दाजी गुडघाभर पाण्यात वाकून घमेलं हलवत होते. गाल पार आत गेलेले.

"दाजी, चुकलो. घरी चला," मी म्हणालो.

"अहो, बांगडी सापडली," ताई रडत म्हणाली.

त्यांनी घमेल्यातली वाळू हळूच ओतून दिली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"आणि सापडली नसती तर?"

दाजींनी पुन्हा घमेलं भरलं.